मासे चालतात, मग ससा का नाही?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील, जंगलाला लागून असलेल्या एका गावातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव आणि गाव वगळले असून मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

‘मी आमच्या ग्रामपंचायतीची सदस्य आहे. शिमग्याच्या पारधीचा मान आमच्या घराण्याकडे आहे. सासरे सत्तरीत असूनही होळीनंतर गावकऱ्यांबरोबर जंगलात जातात. डुक्कर किंवा भेकर मिळाले तर घरोघरी वाटा जातो आणि मानाचा वाटा आमच्याकडे येतो. आजेसासऱ्यांची ठासणीची बंदूक अजून घरात आहे. पण आता हे प्रकरण शिमग्यापुरते राहिलेले नाही. भात पोटरीला आले की डुकरे आणि गवे एका रात्रीत शेत आडवे करतात, म्हणून धाकटे दीर आणि त्यांचे मित्र पंपाच्या लाईनवरून उघडी तार ओढून करंट सोडतात. सध्या ती तार उसाच्या फडाभोवती आहे. पावसाच्या तोंडावर चढणीचे मासे धरायलाही हीच मंडळी ओढ्यात करंट लावतात. नुकसानभरपाईचा अर्ज एकदा केला होता, त्याचे पुढे काहीच कळले नाही. मी घरात विषय काढला की “तू मेंबर आमच्या जिवावर झालीस” असे ऐकावे लागते. यंदा सासरे माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला पारधीला नेणार म्हणतात. मुलगा मला विचारतो, “मासे धरले तर कोणी काही म्हणत नाही, मग ससा धरला तर गुन्हा का?” मला उत्तर देता आले नाही. मी गप्प बसावे की वनखात्याला कळवावे? आणि कळवले तर माझ्या संसाराचे काय?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात पारध, पीक, मासे, बंदूक आणि घर असे अनेक विषय एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांना महिना-दोन महिन्यांचा अवधी देता येईल. उसाच्या फडाभोवतीच्या तारेला मात्र एका रात्रीचाही अवधी देता येणार नाही, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

पंपाच्या लाईनवरून घेतलेल्या उघड्या तारेत किमान २३० व्होल्टचा दाब सतत असतो. ओल्या बांधावर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला तेवढा पुरेसा आहे. पहाटे पाणी बघायला गेलेला शेजारी, गवताला आलेली बाई, चेंडू शोधत फडात शिरलेले पोर, यांपैकी कोणालाही ती तार डुकरापासून वेगळे ओळखत नाही. तुमच्या दिरांनी कदाचित ‘झटक्याचे कुंपण’ कुठेतरी पाहिले असेल आणि आपली तार त्याच जातीची आहे असे त्यांना वाटत असेल. सौर कुंपणाचे यंत्र बॅटरीवर चालते आणि सेकंदाला एखादा, सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता झटका देते. जनावर दचकून मागे सरते, पण मरत नाही. लाईनवरून घेतलेली तार धरलेल्याला सोडत नाही. या दोन गोष्टींत फक्त खर्चाचा फरक आहे असे समजणाऱ्यांनी आपल्या भागात आणि सीमेपलीकडेही माणसे गमावली आहेत.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर या एका तारेत अनेक गुन्हे एकत्र येतात. आकडा टाकून वीज घेणे ही विद्युत कायदा २००३ खाली चोरी आहे. माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि धोक्याची पूर्ण जाणीव असताना तार सोडली होती असे दिसले तर सदोष मनुष्यवधाचे कलम लागू शकते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या इतकी रुंद आहे की मारणे, विष घालणे, फासे लावणे, हाका घालणे, आमिष ठेवणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे हे सारे तिच्यात येते. म्हणजे रात्रभर तार सोडली आणि सकाळी काहीच मेलेले आढळले नाही, तरी गुन्हा होऊन गेलेला असतो. शिवाय त्या वाटेने फक्त डुक्कर येते असे नाही. दांडेलीकडून निघालेले हत्ती आपल्याच तालुक्यातून २००२ च्या सुमारास दोडामार्गात उतरले आणि तेव्हापासून चंदगड, दोडामार्ग आणि खानापूर या पट्ट्यात त्यांचे येणे-जाणे आहे. अशा तारेला हत्ती किंवा गवा लागला तर प्रकरण या कायद्याच्या परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत जाते, आणि तिथे शिक्षा किमान तीन वर्षे व कमाल सात वर्षे आहे.

गप्प बसावे का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही पंचायत सदस्य असल्यामुळे थोडे अधिक कठोर आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४ नुसार गावात किंवा गावाजवळ अजामीनपात्र गुन्हा घडल्याची अथवा घडवण्याचा बेत असल्याची माहिती जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा दंडाधिकाऱ्यांना देणे हे गावाच्या कारभाराशी संबंधित व्यक्तींचे कर्तव्य आहे, आणि त्या व्यक्तींमध्ये पंचायतीचे सदस्य स्पष्टपणे धरलेले आहेत. मी हे तुम्हाला भीती घालण्यासाठी सांगत नाही. मौन हा तुमच्यापुढचा सुरक्षित पर्याय आहे असे तुम्हाला घरात भासवले जात असेल, तर तसे ते नाही, एवढेच लक्षात यावे. उद्या त्या तारेला कोणी चिकटले, तर ‘मेंबरबाईंना ठाऊक होते’ हे वाक्य सर्वांत आधी तेच लोक उच्चारतील ज्यांनी आज तुम्हाला गप्प केले आहे.

तरीही लगेच दूरध्वनी उचला असे मी म्हणणार नाही. कळवायचे की नाही हे तुमच्या हातात फारसे उरलेले नसले, तरी कोणत्या क्रमाने पावले टाकायची हे तुमच्या हातात आहे. तुमच्या पत्रात सासरे आहेत, दीर आहेत, मुलगा आहे. यजमानांचा उल्लेख कुठेच नाही. ते नोकरीसाठी बेळगावात किंवा गोव्यात असतील, किंवा घरीच असून या विषयात पडत नसतील. काहीही असले तरी पहिले बोलणे त्यांच्याशी व्हावे, आणि ते आजच व्हावे. दिरांना सांगायचे ते त्यांनी सांगावे: तार आज संध्याकाळी निघाली पाहिजे, ती निघाली नाही तर उद्या सकाळी आपणच लाईनमनला बोलावून आकडा काढून घेणार आहोत. दिराला थोरला भाऊ सांगतो आणि भावजय सांगते यांत आपल्या घरांत फरक पडतो, तो पडू नये असे मलाही वाटते, पण तार निघणे हे त्याहून महत्त्वाचे आहे. तेवढ्यानेही काम झाले नाही, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ११२ वर कळवावे, आणि त्याबद्दल मनात कसलीही बोच ठेवू नये.

आता तुमच्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. या पत्रातला सर्वांत चांगला प्रश्न त्याचा आहे आणि त्याला ‘कायदा तसा आहे म्हणून’ असे उत्तर देऊन गप्प करू नये.

कायदा तसा आहे हे मात्र खरेच आहे. ससा आणि रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट दोनमध्ये आहेत. गवा, बिबट्या, अस्वल, खवले मांजर, घोरपड आणि मोर परिशिष्ट एकमध्ये. आपल्या ओढ्यातले नेहमी खाल्ले जाणारे मासे या यादीत नाहीत. वनहक्क कायदा २००६ मध्ये तर हा भेद अगदी उघड केलेला आहे. जंगलावर पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून असलेल्या समाजांच्या हक्कांत पाणवठ्यांतील मासळी नावानिशी धरली आहे, आणि इतर पारंपरिक हक्क मान्य करताना शिकारीचा व फासे लावण्याचा हक्क तितक्याच स्पष्टपणे वगळला आहे. ज्या कायद्याने परंपरेचा एवढा मान राखला, त्यानेही पारधीला दार उघडलेले नाही, हे तुमच्या सासऱ्यांनाही सांगण्यासारखे आहे.

पण असा भेद करण्याचे कारण काय? पहिले कारण प्रजननाचे आहे. रोहू-कटल्यासारखा मासा आपल्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे लाखाहून अधिक अंडी घालतो; त्यांतली बहुतेक वाया जातात हे गृहीत धरूनच निसर्गाने तो हिशेब मांडला आहे, त्यामुळे त्यातला काही भाग माणसाने नेला तरी साठा टिकू शकतो. गव्याची मादी एका वेळी एक वासरू देते, खवले मांजर बहुधा एकच पिल्लू. इथे तुमचा मुलगा, हुशार असेल तर, तुम्हाला अडवील: सशाला आणि डुकरिणीलाही भरपूर पिल्ले होतात, मग? त्याचा आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणून दुसरे कारण पहिल्यापेक्षा महत्त्वाचे ठरते. सशासाठी लावलेला फासा सशालाच धरील याची हमी कोणी देऊ शकत नाही. मोटारसायकलच्या ब्रेक वायरचे फासे डुकरासाठी म्हणून लावले जातात आणि त्यांत कमरेला तार आवळलेले बिबटे व अस्वले सापडतात. बिबट्या आणि रानकुत्री हीच डुकरांची व भेकरांची संख्या आटोक्यात ठेवणारी जनावरे आहेत. ती फाशात गेली की पुढच्या वर्षी शेतात येणारी डुकरे वाढतात. शिवाय रानात किती ससे होते आणि किती नेले याचा ताळा कोणालाही ठेवता येत नाही, आणि मांसाला गिऱ्हाईक लागले की मानाचा वाटा मागे पडून किलोचा भाव पुढे येतो. बेळगावातून शनिवारी-रविवारी गाड्या भरून येणारे आणि ‘गावठी डुक्कर मिळेल का’ असे दबक्या आवाजात विचारणारे पाहुणे तुम्ही पाहिले असतील. ते मांस विकत घेणे आणि जवळ बाळगणेही गुन्हाच आहे, कारण वन्यप्राण्याचे मांस ही कायद्याने सरकारची मालमत्ता ठरते आणि ते आपल्याकडे वैधपणे आले हे सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर असते. पारधीचे फोटो मोबाईलवर फिरवणाऱ्या पोरांना तर कोणीतरी सांगायलाच हवे की ते स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतः वाटत आहेत.

मुलाला सांगण्याचा उरलेला अर्धा भाग असा की ‘मासे धरले तर कोणी काही म्हणत नाही’ हे त्याचे गृहीतकच अर्धवट आहे. कोणी म्हणत नसले तरी म्हणायला हवे. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष घालून मासे मारणे हा भारतीय मत्स्य कायदा १८९७ पासून गुन्हा आहे. म्हणजे मासळीचा हा नियम वाघाला संरक्षण देणाऱ्या कायद्याहून पाऊणशे वर्षांनी जुना आहे. कर्नाटकात अंतर्देशीय मत्स्यव्यवसायासाठी १९९६ चा स्वतंत्र कायदाही आहे. ओढ्यात सोडलेला करंट, खाणीतून आणलेले जिलेटिन, ब्लीचिंग पावडर, कीटकनाशक आणि आपल्या आजोबांच्या काळची गेळफळांची भुकटी या सगळ्यांत एकच दोष आहे: ते बोटभर पिल्लापासून अंड्यांनी भरलेल्या मादीपर्यंत सर्वांना एकदम मारतात, आणि वर येऊन तरंगतात त्यांपेक्षा कितीतरी अधिक मासे तळाशी कुजतात. त्याच ओढ्याचे पाणी खाली गुरे पितात.

चढणीच्या माशांबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण खानापूर, चंदगड, आजरा या पट्ट्यात मिरगाचा पाऊस आणि चढणीचे मासे यांच्यावाचून पावसाळा सुरू होत नाही आणि तो आनंद कोणी कोणाकडून काढून घ्यावा असे मला मुळीच वाटत नाही. पण मासे चढतात कशासाठी, हे धरणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे. ते अंडी घालायला उथळ, ताज्या पाण्याकडे, ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत येतात. मलप्रभा आपल्या कणकुंबीतून उगम पावते आणि म्हादईचे उगमाकडचे ओढेही आपल्याच डोंगरांत आहेत; त्यामुळे आपल्या गावांजवळचे ओढे हे खालच्या सगळ्या नदीचे पाळणाघर आहेत. ओढा काठापासून काठापर्यंत आडवा बांधून सगळी वाट अडवली, तर त्या वर्षीची पैदासच अडते. गळ, फेकजाळे, एका बाजूला लावलेली बांबूची कोंडी आणि उरलेली वाट मोकळी, एवढे पथ्य पाळले तर घरच्या कालवणापुरते मासे मिळतात आणि पुढे जाणारे जातातही. पोट फुगलेली मादी हाताला लागली तर ती परत सोडणे हे मुलाला शिकवता येते. मरळीच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल: संथ पाण्यात लालसर पिल्लांचा पुंजका वरखाली होत असतो आणि त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात. त्या वेळी मरळ गळाला चटकन लागते, कारण ती पिल्लांजवळ येणाऱ्या कशावरही झडप घालते. तिला काढले की पुंजक्याची राखण संपते आणि दोन-चार दिवसांत इतर मासे व बगळे पिल्लांचा फडशा पाडतात. जाळ्यात कासव आले तर ते तसेच सोडून द्यावे. आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीवाचून गळही टाकू नये. तलाव व धरणांतल्या मासेमारीचे ठेके आणि परवाने वेगळे असतात, त्यांच्या बंदीच्या काळाची माहिती मत्स्यखात्याकडून पंचायतीने आणून फलकावर लावावी, हे काम तुम्ही सदस्य म्हणून सहज करू शकता.

पारध हा खरा नाजूक विषय आहे. तुमच्या सासऱ्यांना गुन्हेगार म्हणून संबोधून काहीही साधणार नाही, आणि ते न्याय्यही होणार नाही. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते आणि तिथे १९५१ च्या कायद्याखाली शिकारीचे परवाने मिळत; तुमच्या आजेसासऱ्यांची बंदूक बहुधा त्या जगातली असेल. सासरे ऐन तारुण्यात असताना १९७२ चा कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही जवळजवळ संपली, आणि डिसेंबर २०११ मध्ये आपल्या दाराशी भीमगडचे १९० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. ज्याला वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेली गोष्ट पुढे चालवायची आहे, त्या माणसाच्या आयुष्यात एवढे बदल झाले आणि त्यांपैकी एकाबद्दलही त्याला कोणी विचारले नाही. हा सल ऐकून घ्यावा. मात्र सल खरा आहे म्हणून मागणी खरी ठरत नाही. अभयारण्यात मारलेला ससादेखील आज तीन ते सात वर्षांच्या कलमात बसतो.

मला वाटते की मान आणि मारणे या दोन गोष्टी वेगळ्या करता येतील. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सर्वांना ठाऊक आहे. न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या, त्या वेळी गावात संताप होता. आज प्रतिमेची पूजा होते आणि पंचमीही होते. तुमच्या गावातही देवराईत नारळ ठेवणे, गाऱ्हाणे घालणे, ठरलेल्या वाटेने डोंगर चढणे आणि मानकऱ्याने पुढे असणे हे सारे तसेच राहू शकते. बदलायचे ते त्या चालण्याचे काम. शिमगा येतो तोच वणव्याचा हंगाम असतो, आणि पारधीच्या वेळी जनावर उठवायला पेटवलेल्या गवतातून किंवा साळींदरासाठी बिळात केलेल्या धुरातून वणवे लागल्याच्या तक्रारी नेहमी येतात. ज्यांना जंगलातली प्रत्येक खिंड, पाणवठा आणि जनावराची वाट माहीत आहे, अशी पंचवीस-तीस माणसे वनखात्याच्या लेखी परवानगीने आणि गार्डला बरोबर घेऊन त्याच दिवशी फासे काढायला व जाळपट्टे बघायला निघाली, तर त्यांच्याइतके उपयोगी मनुष्यबळ खात्याकडेही नाही. भीमगडच्या बारापेडी गुहांत राहणारे एक वटवाघूळ १९१३ साली शास्त्राला नव्याने कळले आणि पुढे कित्येक दशके साऱ्या जगात ते केवळ तिथेच असल्याचे मानले जात होते. असे वैभव ज्यांच्या शिवारालगत आहे त्यांनी राखणदाराचा मान मागून घ्यावा, यात कमीपणा नाही. सासरे पहिल्याच बैठकीत हो म्हणतील असे नाही. यंदा पारध झालीच तर तुम्ही वाटा घरात घेऊ नये, शिजवू नये, आणि कारण शांतपणे एकदा सांगावे.

मुलाला मात्र यंदा पाठवू नये, आणि या एका बाबतीत तडजोड करू नये. हाक्याच्या गर्दीत ठासणीच्या बंदुकीचा नेम चुकतो. डुक्कर उलटून अंगावर येते. आणि स्वसंरक्षणासाठी जनावर मारण्याची जी मुभा कायदा देतो, ती त्या वेळी स्वतःच कायदा मोडत असलेल्या माणसाला मिळत नाही. त्यातच जानेवारी ते मे हा गोचिडांमुळे पसरणाऱ्या माकडतापाचा काळ आहे. २०१५-१६ मध्ये सत्तरी (गोवा) आणि दोडामार्ग (महाराष्ट्र) या शेजारच्या तालुक्यांत त्याची साथ येऊन गेली आहे. आजोबांनी नातवाला काही शिकवावे ही त्यांची इच्छा योग्यच आहे. त्यांनी त्याला गळ शिकवावा, ठसे ओळखायला शिकवावे.

बंदुकीचे काम एका दिवसाचे आहे. आजेसासऱ्यांच्या नावाचा परवाना वारशाने आपोआप मिळत नाही. सासऱ्यांच्या नावाने वैध परवाना नसेल तर ती पोलीस ठाण्यात रीतसर जमा करून पावती घ्यावी. परवाना असेल तर अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकांना वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ नुसार वेगळी नोंदणी करावी लागते. पीकसंरक्षणासाठी दिलेला ठासणीच्या बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे.

राहिला पिकाचा प्रश्न, आणि तो सुटल्यावाचून वरचे बहुतेक सल्ले कागदावरच राहतील हे मी जाणतो. गोव्यात सत्तरीतील गोळावली येथे जानेवारी २०२० मध्ये चार वाघ विषाने मेले; गुरे मारली गेल्याचा राग त्यामागे होता. ज्याचे नुकसान होते त्याला वेळेवर काही मिळाले नाही तर त्याचा राग जनावरावर निघतो, मग ते डुक्कर असो वा वाघ.

डुकराच्या बाबतीत कायदा अगदीच बंद नाही. उभ्या पिकाला धोका असल्यास परिशिष्ट दोनमधील प्राण्याची शिकार करण्याची लेखी, सकारण परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कलम ११ खाली देऊ शकतो. ती तोंडी चालत नाही, दुसऱ्या राज्यात दिलेली इकडे चालत नाही (चंदगडातल्या पाहुण्याकडे कागद आहे म्हणून आपणही मारावे असे नव्हे), आणि गव्यासाठी पिकाच्या कारणावरून मिळतच नाही. मागायचीच असेल तर एकेकट्याने न मागता ग्रामसभेच्या ठरावाने, नुकसानीच्या नोंदींसह मागावी.

भरपाईचा अर्ज पुन्हा करावा, पण या वेळी तो फेटाळता येणार नाही अशा रीतीने. नुकसान झाल्या दिवशीच, शेत साफ करण्यापूर्वी, पायांचे ठसे आणि आडवे झालेले पीक यांचे फोटो काढावेत. उतारा, आधार आणि बँकेचे पासबुक जोडून वनखात्याच्या ई-परिहार या भरपाईच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंद करावी आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेता आला तर काम लवकर होते हा व्यवहार झाला. परंतु गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला दिला आहे, तेव्हा केवळ मराठीत आहे म्हणून अर्ज परत आला तर तो नकार लेखी मागावा. तुम्ही सदस्य असल्याने गावातले सगळे नुकसानग्रस्त एकत्र करून एकाच दिवशी पंचनाम्याची मागणी करू शकता. एका शेतकऱ्याचा अर्ज फायलीत हरवतो, चाळीस जणांचा सहजी हरवत नाही. त्याच बैठकीत सामाईक सौर कुंपणाचा प्रस्ताव मांडावा, कारण एकट्याने कुंपण घातले की डुकरे फक्त शेजाऱ्याकडे वळतात. ऊस जंगलाच्या अगदी कडेला न लावता मध्ये मोकळा पट्टा ठेवणे हेही एकमताने ठरवण्यासारखे आहे, कारण डुकरांना दिवसा लपायला फडासारखी जागा दुसरी नाही.

संसाराचे काय, या तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मी खोटा धीर देणार नाही. तार काढायला लावल्याबद्दल काही दिवस अबोला सहन करावा लागेल. दिरांना अडकवायचे नसून वाचवायचे आहे, हे घरात कोणाला तरी पटवून द्या. सासूबाई असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करा, कारण पहाटे त्या फडाच्या बाजूने गवताला जाणाऱ्या त्याच असण्याची शक्यता अधिक. आणि तक्रार देण्याची वेळ आलीच, तर ती लेखी देताना आपले नाव उघड करू नये अशी विनंती अर्जातच नमूद करावी व त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.